आमचे मामेसासरे लाँचवर पाय ठेवत नाहीत

इंग्रज हा देश सोडून गेला तेव्हा जाताना आपली भाषा आमच्या मामेसासऱ्यांच्या स्वाधीन करून गेला, अशी माझी पक्की खात्री आहे. मामांचा जन्म त्यानंतर काही वर्षांनी झाला ही त्यातली किरकोळ अडचण. पण तोवर ती भाषा कुठेतरी दाव्याला बांधून ठेवलेली असणार आणि मामा मोठे होताच कोणीतरी तिचा कासरा त्यांच्या हातात दिला असणार. तेव्हापासून आमच्या किनाऱ्यावर तिला कोणी बोट जरी लावलं तरी मामांना कळतं. रेवदंड्यापासून हरिहरेश्वरापर्यंत असा एक हॉटेलवाला नाही, ज्याने मामांना लांबून येताना पाहून आपला मेनूचा फळा आत ओढलेला नाही. लोक पोलिसांना घाबरत नाहीत, वादळाच्या इशाऱ्याला घाबरत नाहीत, पण सदऱ्याच्या खिशाला लाल पेन लावलेला हा किडकिडीत, ताठ, चौऱ्याहत्तर वर्षांचा निवृत्त मास्तर कोपऱ्यावर दिसला की भल्याभल्यांना आपल्या दुकानाच्या पाटीकडे एकदा वर बघावंसं वाटतं.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते माझ्याच लग्नाच्या बैठकीत. मुलगी पोहे घेऊन आली, बसली, पण माझं तिच्याकडे लक्षच नव्हतं. कारण तिचे मामा समोर बसून माझा बायोडेटा तपासत होते. वाचत नव्हते, तपासत होते. मधेच पेनाचं टोपण काढायचे, एक रेघ मारायचे आणि दीर्घ श्वास घ्यायचे. शेवटी त्यांनी कागद माझ्या वडिलांच्या हातात दिला. चौदा चुका, शंभरपैकी एक्केचाळीस गुण, खाली सही. वडील घाबरून म्हणाले, "म्हणजे नकार समजायचा का?" मामा म्हणाले, "छे, छे! पस्तीसला पास. मुलगा आम्हाला पसंत आहे. फक्त 'माय हॉबी इज रिडिंग' असं ज्याने लिहिलं आहे त्याने 'रिडिंग'मधलं एक अक्षर खाल्लेलं आहे, त्यामुळे वाचनाची आवड कितपत खरी ते तुमचं तुम्ही बघा." पुढे मी धक्क्याजवळ वह्या-पेनांचं दुकान टाकलं. उद्घाटनाला नारळ फुटायच्या आत मामांनी पाटी वाचली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "जावईबापू, तुम्ही एक अक्षर चुकल्यामुळे या फलकाचा अर्थ 'एका जागी उभे असलेले दुकान' असा होतो." मग रिकाम्या दुकानात एक नजर टाकून म्हणाले, "अर्थात त्यात खोटं काही नाही."

चूक दिसली की ते ओरडत नाहीत, ही त्यांची खरी दहशत. ते नुसते उभे राहतात. डोळे मिटून, एक हात गालावर धरून, दाढ ठणकावी तसे. हॉटेलवाला बाहेर येतो, पाणी देतो, खुर्ची देतो, विचारतो, "गुरुजी, बरं वाटत न्हाय का?" आणि मामा क्षीण आवाजात म्हणतात, "तुमच्याकडे जेवणानंतर वाळवंट मिळतं, असं लिहिलंय. गोड पदार्थ हवे असतील तर अजून एक 'एस' घाला हो." एकदा गावातल्या एका सज्जन गृहस्थांच्या शोकसभेला मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. स्टेजवर मोठा फ्लेक्स, फोटोला हार, खाली इंग्रजीत चिरशांतीची प्रार्थना. पण शांतीच्या जागी छापणाऱ्याने तुकडा हा शब्द टाकलेला. सगळे दोन मिनिटं उभे राहिले. मामा खाली बसेनात. आयोजकांना वाटलं, गुरुजींना फार दुःख झालंय. एकाने येऊन त्यांचा खांदा थोपटला तेव्हा मामा त्याच्या कानात म्हणाले, "माणूस अख्खा गेला होता हो. तुकडे तुम्ही केलेत." मला हसू आवरेना. मी तोंडाला रुमाल लावून बाहेर पळालो आणि मयताचा फार जवळचा नातेवाईक म्हणून पुढे वर्षभर गावात सहानुभूती मिळवली.

आजारपणातही सुटका नाही. एकदा त्यांना सणसणीत ताप भरला. तरुण डॉक्टरने औषध दिलं आणि बँकेत द्यायला इंग्रजीत दाखला लिहून दिला. मामा अर्धवट ग्लानीत होते, पण कागद डोळ्यांपुढून जाताच उठून बसले, तीन दुरुस्त्या केल्या, "आता मी खरा आजारी आहे" असं म्हणाले आणि पुन्हा आडवे झाले. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणी वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या की वाढदिवस ज्याचा असेल तो गप्प बसतो, कारण आधी शुभेच्छांचा निकाल लागायचा असतो. शेवटी भाचरांनी कंटाळून मामांना वगळून वेगळा ग्रुप काढला. दुसऱ्याच दिवशी मामांनी प्रत्येकाला वेगवेगळा निरोप पाठवला, की नवीन ग्रुपला दिलेलं इंग्रजी नाव दोन ठिकाणी चुकलेलं आहे. ते त्यांना कुणी सांगितलं हे आजपर्यंत उघड झालेलं नाही. बायकोला माझा संशय आहे. तो खरा आहे.

गंमत अशी, की मराठीच्या बाबतीत मामा अगदी गाईसारखे. घरात स्वतः 'हाय', 'न्हाय', 'लिवलंय' असंच बोलतात. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "मराठी आपली आई. तिला कशीही हाक मारली तरी ती ओ देते. इंग्रजीचं तसं नाही. तिच्या दारात उभं राहिलं की आधी आपले पाय बघतात." एवढं बोलून त्यांनी विषय बदलला. पण मला थोडं ठाऊक आहे. मामा त्यांच्या वस्तीतून मॅट्रिक झालेले पहिले. पहिल्या नोकरीच्या अर्जात त्यांची एक चूक निघाली आणि खुर्चीतला माणूस हसला, इतकंच ते सांगतात. तो हसून पुढे काय म्हणाला, ते सांगत नाहीत. त्यानंतर त्यांच्या कागदावर हसायला कोणाला जागा मिळाली नाही.

आता या गोष्टीतली दुसरी महत्त्वाची व्यक्ती, म्हणजे आक्का. मामांची थोरली बहीण. माझ्या बायकोची आई. म्हणजे माझ्या सासूबाई. वय एकोणऐंशी. घर खाडीच्या पलीकडच्या तीरावर, धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर. मामांचंही मूळ घर तेच; नोकरीमुळे ते अलीकडे आले आणि इथलेच झाले. घरात एकालाच शिकवता येईल असं जेव्हा ठरलं, तेव्हा ते आक्कानेच ठरवलं म्हणतात. चौथीनंतर तिने स्वतःची शाळा सोडली. मामा पाचवीत गेले तेव्हा रोज त्यांना होडीतून अलीकडच्या शाळेत सोडायची, आणि शाळा सुटेपर्यंत धक्क्याच्या खडकांवर कालवं फोडत बसायची. इंग्रजीचं एक अक्षर तिला वाचता येत नाही. पण होडीत रोज ऐकून ऐकून क्रियापदांची तिन्ही रूपं तिला तोंडपाठ झाली. माझ्या लग्नानंतर पहिल्या दिवाळीला सासरी गेलो तेव्हा सासूबाई 'ईट, एट, ईटन'च्या ठेक्यावर वाटण वाटत होत्या.

आमच्या खाडीतली लाँच म्हणजे दिघीच्या फेरीबोटीसारखी मोटारी पोटात घेणारी राजेशाही वस्तू नव्हे. हिच्यात माणसं, कोंबड्या आणि मासळीच्या टोपल्या एवढंच मावतं. पण बारा मिनिटांत पलीकडे नेते. तर नऊ वर्षांपूर्वी या लाँचवर पर्यटकांसाठी इंग्रजी फलक लागला. 'तोल जाऊ देऊ नका' असं त्यात म्हणायचं होतं. रंगाऱ्याने एक 'ओ' जास्त घातला आणि तोल सैल झाला. मामांनी तांडेलाला, म्हणजे लाँच चालवणाऱ्याला, शांतपणे चूक दाखवली. तांडेल म्हणाला, "गुरुजी, पावसाळ्यानंतर रंग काढतोच हाय, तवा करू." पावसाळा संपला, रंग निघाला, फलक नवा झाला, जुनी चूक तशीच राहिली आणि शेजारी एक नवीन आली. मामा धक्क्यावर उभे राहून तो वाचत होते. मग भरल्या लाँचसमोर त्यांनी आधी इंग्रजीत आणि नंतर सर्वांच्या सोयीसाठी मराठीत जाहीर केलं, "हा फलक दुरुस्त होईपर्यंत मी या लाँचवर पाय ठेवणार नाही." तांडेलही त्याच खाडीचं पाणी प्यालेला. तो म्हणाला, "फळा लावल्यापासून येक पन मानूस पडला न्हाय पान्यात. लोकांना समजतंय. तुमालाच समजत न्हाय."

झालं. नऊ वर्षं मामा बहिणीकडे जमिनीवरून जातात. दोन एसट्या, एक टमटम आणि शेवटी अर्धा तास चाल, असा खाडीला वळसा. भाऊबीजेला सकाळी निघालेला भाऊ ओवाळून घ्यायला उन्हं कलल्यावर पोचतो. एरवी ते दुपारी आपल्या ओट्यावर उभे राहून तिला फोन करतात, आणि ती आपल्या अंगणात उभी राहून घेते. "आक्का, दिसतेस." "तू पन दिसतोस. टोपी घाल, ऊन हाय." मधे पाऊण मैल पाणी.

गेल्या मार्गशीर्षात एका सकाळी अकराच्या सुमारास आक्काचा माझ्या बायकोला फोन आला. मामी गेल्यापासून मामांचं जेवणखाण आमच्याकडेच असतं, त्यामुळे ते तिथेच चहा पीत बसले होते आणि बायकोने फोन स्पीकरवर टाकलेला होता.

"पोरी, तुजा भाव टेम्पो घेऊन आलाय," आक्का सांगत होती. "मी चालले त्याच्याकडं नवी मुंबईला, ऱ्हायाला. बारापावेतो निघू. मामाला सांगू नको. सांगितलंस तर तो रस्त्यानं निघंल नि टेम्पो गेल्यावं पोचंल."

"आक्का, मी ऐकतोय," मामा म्हणाले.

पलीकडे एक भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, "ऐकतोस तर ऐक. येऊ नको. उन्हाचं हाय."

"ऱ्हायाला म्हंजी? कायमची?"

"गुडघं न्हाय चालत रं. तिकडं लिफ्ट हाय म्हन. ठेवते, भांडी बांदायची हायत."

मामांनी कप खाली ठेवला, टोपी घातली, पेन खिशाला आहे ना ते चाचपलं आणि चालू लागले. मी मागे. धक्क्यावर लाँच भरून उभी होती. मामा पार कडेपर्यंत गेले. उजवा पाय उचलला. तो हवेतच राहिला, आणि परत आला. पुन्हा उचलला, पुन्हा आला. तांडेल बघत होता, कोळणी बघत होत्या, मुंबईचे पर्यटक बघत होते. तांडेल हळूच म्हणाला, "या गुरुजी. कोन काय म्हननार न्हाय." हे ऐकून तर मामा दोन पावलं मागेच सरकले. शब्द दिलेला होता. आणि शब्दाच्या बाबतीत सूट घेणं म्हणजे जन्मभर दुसऱ्यांना मारलेल्या सगळ्या लाल रेघा पुसून टाकणं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मी त्या माणसाला असं कधी पाहिलं नव्हतं.

"मामा," मी म्हणालो, "तुम्ही नेमकं काय म्हणाला होतात? शब्दशः?"

"'मी या लाँचवर पाय ठेवणार नाही.'"

"पाय."

"पाय."

"आणि बाकीचे मामा?"

मामांनी चष्मा काढला, पुसला, घातला. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असा प्रकाश पसरला, जो मी फक्त अवघड वाक्याचं पृथक्करण सुटल्यावर पाहिलेला आहे. "वाक्यात," ते सावकाश म्हणाले, "बाकीच्यांचा उल्लेख नाही."

पुढच्या दोन मिनिटांत चहाच्या टपरीवरची लाल प्लास्टिकची खुर्ची आली. मामा तिच्यावर बसले. चार तगड्या कोळ्यांनी खुर्ची उचलली आणि पाय कात्रीसारखे समोर ताठ धरलेले आमचे मामेसासरे हवेतून लाँचवर दाखल झाले. पण चौऱ्याहत्तराव्या वर्षी बारा मिनिटं पाय वर धरून ठेवणार कसे? ते थरथरायला लागले तेव्हा एका कोळणीने आपली रिकामी टोपली पालथी घालून पुढे सरकवली. "गुरुजी, हिच्यावं ठेवा. टोपली माजी हाय, लाँचची न्हाय." मामांनी क्षणभर विचार केला. "मान्य," म्हणाले.

आता कल्पना करा. शुभ्र टोपी, शुभ्र सदरा, लाल सिंहासन, जमिनीला न लागणारी पावलं आणि भोवती खुर्ची धरून उभे चार सेवक. मुंबईच्या पर्यटक बाईंनी डोक्यावरून ओढणी घेतली आणि वाकून मामांच्या पायांना हात लावला. त्यांच्या यजमानांनी मोबाइल खिशात ठेवून हात जोडले आणि इंग्रजीतून विनवलं, की बाबाजी, हिची कंबर दोन वर्षांपासून दुखते आहे, आशीर्वाद द्या. त्यात 'पासून'साठी त्यांनी जो शब्द वापरला तो ऐकून मामांचे डोळे मिटले. उजवा हात आपोआप वर गेला.

"'फॉर'," मामा म्हणाले. "'सिन्स' नाही. 'फॉर'."

"फॉर," यजमान भक्तिभावाने पुटपुटले. बाईही पुटपुटल्या, "फॉर, फॉर." मग त्यांनी विचारलं, "बाबाजी, दिवसातून किती वेळा म्हणायचं?"

"आयुष्यभर," मामा म्हणाले.

मी पाण्याकडे तोंड करून उभा राहिलो. माझे खांदे हलताना पाहून बाईंना वाटलं, हाही भक्त भारावला.

पलीकडे पोचलो तेव्हा पावणेबारा वाजले होते. टेम्पो दारात, निम्म्याहून जास्त भरलेला. अंगणात उभ्या असलेल्या आक्काने खुर्चीची मिरवणूक येताना पाहिली आणि कमरेवर हात ठेवले. "काय रं, नवरदेव व्हऊन आलास काय? नवरी कंची?" कोळ्यांनी मामांना अंगणात उतरवलं. आक्का हसत होती, हसता हसता पदर डोळ्यांना लावत होती. मामा नुसते बघत राहिले. घर रिकामं झालं होतं. ओट्यावर एक चटई तेवढी उरली होती. तिच्यावर दोघं बसली. आक्काने त्यांच्या टोपीवरची धूळ झटकली, एवढंच.

माझा मेव्हणा मोठा व्यवहारी. नव्या शहरात आई कुठे चुकलीमाकली तर असावं म्हणून त्याने इंग्रजीत एक कार्ड लिहून आक्काच्या बटव्यात ठेवलं होतं. नाव, पत्ता, कोणाची कोण. आक्काने कौतुकाने ते भावाला दाखवलं. मेव्हण्याचा चेहरा पडला. मामांनी कार्ड वाचलं, उलटून पाहिलं, पुन्हा वाचलं.

"मामा, लई चुका हायत का?" मेव्हण्याने विचारलं.

"हायत," मामा म्हणाले. पण लाल पेनाला त्यांनी हात लावला नाही. माझ्याकडे कोरे कागद मागितले. दुकानदाराच्या खिशात ते असतातच. मग माझं निळं पेन घेऊन, मांडीवर माझी वही धरून ते लिहू लागले. शाळेच्या फळ्यावर लिहावं तशा टपोऱ्या, घोटीव अक्षरात, प्रत्येक टिंब जागच्या जागी. एक कागद झाला, दुसरा घेतला. टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. मामांनी मान वर केली नाही. बटव्यासाठी एक, पिशवीसाठी एक, घराच्या दारामागे लावायला एक, शेजाऱ्यांकडे ठेवायला एक. कोणी अनोळखी माणूस तो कागद हातात घेईल, वाचेल आणि मग आक्काकडे बघेल. तेव्हा त्याने कसं बघावं याची व्यवस्था चालली होती.

"काय लिवतोस एवढं?" आक्काने विचारलं.

"तू कोन हायस ते."

"येवडं मोटं हाय व्हय ते?"

मामांनी चौथा कागद पूर्ण केला, फुंकर मारून शाई वाळवली, चारही कागदांच्या घड्या केल्या आणि तिच्या हातात दिल्या. आक्काला टेम्पोत चढवायला मेव्हणा पुढे आला, तर तिने त्याला बाजूला केलं आणि मामांच्या खांद्याचा आधार घेतला. टेम्पो वळणावर गेला, चिंचेआड झाला, धूळ खाली बसली. मग मामा चटईची गुंडाळी करायला लागले. ती घेऊन कुठे जायचं ते न सुचल्यामुळे त्यांनी ती पुन्हा ओट्यावर होती तशी पसरून ठेवली.

परतीची लाँच सुटायची वेळ टळून गेली होती, तरी तांडेल थांबला होता. चौघे कोळी बाह्या सरसावून पुढे झाले. मी खुर्ची उचलून घाईघाईने मागे येत होतो. पण मामा कोणाकडे न बघता चालत गेले आणि सरळ, एकापाठोपाठ दोन्ही पाय ठेवून, लाँचवर चढले. कोळी माझ्याकडे बघू लागले. मी तांडेलाकडे बघितलं. तांडेल इंजिन सुरू करायला वळला. मामा मागच्या बाजूला कठड्याला धरून उभे राहिले, पलीकडच्या तीराकडे तोंड करून, बारा मिनिटं.

आमच्या धक्क्यावर सगळे उतरले. मामा उतरले नाहीत. मी हाक मारली तर म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे, जावईबापू. मला जरा इंजिनाची पाहणी करायची आहे." इंजिनातलं त्यांना ओ की ठो कळत नाही. लाँच पुन्हा भरली आणि निघाली, मामांसकट. मी धक्क्यावर खुर्ची टाकून बसलो. लाँच पलीकडे लागली. एक पांढरी टोपी खाली उतरली, रस्त्याच्या वळणापर्यंत जाऊन थांबली, परत आली, चढली. लाँच अलीकडे आली. मामा उतरले नाहीत. असं दुपारभर चाललं. तिसऱ्या फेरीनंतर तांडेलाने त्यांच्यासाठी एक स्टूल आणून ठेवलं. चौथ्या फेरीला कोळणीने चहा पाठवला. नऊ वर्षांच्या राहिलेल्या फेऱ्या होत्या. एका दुपारी किती होणार?

ऊन उतरायला लागलं तेव्हा बायकोचा फोन आला.

"अहो, मामा आला का अलीकडे?"

"आले होते."

"होते म्हणजे? पलीकडे आहे?"

"मघाशी होते."

"आता नक्की आहे कुठे?"

मी डोळ्यांवर आडवा हात धरून पाहिलं. भरतीचं पाणी चमकत होतं आणि लाँच ना इकडच्या तीराला होती, ना तिकडच्या.

"मधे आहेत," मी म्हणालो. "जेवण झाकून ठेव."